बुबुळावरील भिंग आणि तालुक्याचे अंतर

'कॉन्टॅक्ट लेन्स' हा शब्द आपल्या महाविद्यालयात उच्चारला की बहुतेकांच्या नजरेसमोर निळ्या बुबुळांची एखादी नटी उभी राहते. चष्म्याने चेहरा बिघडतो म्हणून पैसेवाल्या घरच्या मुलामुलींनी करावयाची ही एक हौस, अशी आपली साधारण समजूत आहे. त्यामुळे मुरबाड तालुक्यातील एका भातशेतकऱ्याचा मुलगा उजव्या डोळ्यात गेली दोन वर्षे असे भिंग घालतो, हे कळल्यावर मित्रांनी माझी जी थट्टा केली तिच्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. प्रथम मलाही ते चमत्कारिकच वाटले होते. पण ह्या दोन वर्षांत मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात माझ्या वाऱ्या झाल्या, आणि तेथे शिकाऊ डॉक्टरांना भिंग बसवण्याचे शिक्षण कसे दिले जाते हे मला रुग्णाच्या खुर्चीत बसून पाहता आले. माझा डोळा त्यांचा सरावाचा डोळा होता असे म्हटले तरी चालेल. जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे की, ह्या भिंगाची खरी गरज शहरापेक्षा शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांना अधिक आहे, आणि नेमके तेथेच ते देता येत नाही. का देता येत नाही, हे सांगण्यासाठी आधी डोळ्याविषयी थोडे सांगावे लागेल. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये. मी स्वतः भूगोलाचा विद्यार्थी आहे.

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच अधिक. डोळ्यात शिरणारा प्रकाश वाकवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हा पडदाच करतो; बाकीचे आतील भिंग करते, जे म्हातारपणी गढूळ झाले की आपण मोतीबिंदू म्हणतो. पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर ते पारदर्शक राहिलेच नसते. मग त्याला प्राणवायू कोठून मिळतो? सरळ बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजते. बुबुळावर काहीही ठेवणे म्हणजे श्वास घेणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. हात किती वेळ ठेवायचा, बोटांत फट किती ठेवायची आणि कधी उचलायचा, एवढ्याच प्रश्नांवर हे सारे शास्त्र उभे आहे.

आता चष्मा का पुरत नाही ते पाहू. पारपटल गुळगुळीत आणि गोलाईदार असेल तर समोर एक काच धरून दृष्टिदोष दूर करता येतो. पण पारपटलच उंचसखल झाले तर? माझ्या उजव्या डोळ्यात ते हळूहळू पातळ होत शंकूसारखे पुढे आले आहे. ह्या विकाराला 'केरॅटोकोनस' म्हणतात. तो बहुधा पंधरा-वीस वर्षांच्या वयात सुरू होतो, आणि डोळे सतत चोळण्याच्या सवयीने बळावतो. त्या डोळ्याने फळ्यावरची एक ओळ मला तीन ओळींसारखी दिसे आणि दिव्याला शेपूट फुटलेले दिसे. चष्म्याचा नंबर तीन वेळा बदलला, उपयोग शून्य. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पाण्याने भरले की वरून सारे कसे सपाट दिसते, हे कोणास सांगावयास नको. कडक भिंग डोळ्यात नेमके हेच करते. भिंगाची पाठ गुळगुळीत असते, आणि भिंग व पारपटल ह्यांच्यामधील खड्डे अश्रूंनी भरून निघतात. प्रकाशाला मग पारपटलाचा उंचसखलपणा जवळजवळ जाणवत नाही. रस्ता दुरुस्त झालेला नसतो, पण गाडी चालते.

हे भिंग मुळात निघाले ते अशाच रोगी डोळ्यांसाठी. झुरिच येथे काम करणाऱ्या अडॉल्फ फिक नावाच्या जर्मन नेत्रवैद्याने १८८८ मध्ये काचेची वाटीसारखी कवचे प्रथम सशांच्या, नंतर स्वतःच्या आणि मग रुग्णांच्या डोळ्यांवर बसवली. कवच आणि डोळा ह्यांच्यामध्ये तो द्राक्षशर्करेचे द्रावण भरी. त्याचे रुग्ण पारपटल बिघडलेले लोक होते, नट-नट्या नव्हेत. पुढच्याच वर्षी कील येथील ऑगस्ट म्युलर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वतःचा उणे चौदा नंबर घालवण्यासाठी तसेच कवच घडवले आणि त्यावर प्रबंध लिहिला. अर्ध्या तासाच्या पलीकडे त्याला ते सहन होत नसे. प्रबंधासाठी इतका त्रास सोसणारा विद्यार्थी आमच्या वर्गात तरी मी पाहिलेला नाही! पुढे प्लॅस्टिक आले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील केव्हिन टुओही ह्याने फक्त पारपटलावर बसेल असे छोटे कडक भिंग केले. १९६१ च्या नाताळात प्रागच्या ओटो विख्टरले ह्या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या जोडाजोडीच्या खेळण्यातील पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून घरच्या टेबलावर मऊ भिंगे ओतली. १९७१ पासून ती अमेरिकेत विकली जाऊ लागली आणि भिंग दवाखान्यातून दुकानात आले. हवा आरपार जाऊ देणारी कडक भिंगे १९७० नंतरच्या दशकातली, आणि भरपूर प्राणवायू सोडणारी सिलिकॉनयुक्त मऊ भिंगे १९९८-९९ च्या सुमाराची. मऊ भिंग बुबुळाच्या आकाराप्रमाणे वाकते, म्हणून साध्या नंबरासाठी ते सोयीचे. पण त्याच कारणाने ते खड्डे बुजवीत नाही. माझ्यासारख्याला कडकच लागते.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी आणि मग खळ्यावर झोडणी सुरू होते. त्या दिवसांत डोळ्यात भाताचे कूस किंवा तूस गेले नाही असा माणूस विरळा. बहुतेक वेळा ते अश्रूंबरोबर निघून जाते. पण पारपटलावर ओरखडा उठला आणि त्यात बुरशी शिरली, तर जखम होते व ती महिना-दोन महिने छळते. शेतातील अशा जखमांतून होणारा बुरशीचा संसर्ग हा भारतात पारपटलाच्या आजाराचे एक मोठे कारण आहे, आणि तो ओळखण्याआधीच घरगुती उपाय झालेले असतात. कोणी शेळीचे दूध घालते, कोणी पाल्याचा रस. कोणी औषधाच्या दुकानातून पूर्वीचीच बाटली आणते, आणि तीत स्टेरॉइड असले तर बुरशीला रानच मोकळे मिळते. जखम भरली तरी 'फूल' राहते. शिवाय वैशाखात राब भाजताना उडणारी राख, वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या डोळ्यांत जाणारी धूळ, मुरबाडच्या कारखान्यांतून वेल्डिंग आणि घासकामात उडणारे लोखंडाचे कण, भिंतीला चुना लावताना डोळ्यात उडालेला थेंब. फूल दाट आणि मधोमध असेल तर नेत्ररोपणाखेरीज इलाज नाही. १९०५ मध्ये मोराव्हियातील एडुआर्ड त्सिर्म ह्या डॉक्टरने ज्याच्यावर पहिले यशस्वी पारपटल-रोपण केले तोही चुन्याने डोळे भाजलेला मजूरच होता. परंतु फूल विरळ असेल तर खरा अडथळा पांढरेपणाचा नसून उंचसखलपणाचा असतो, आणि तेथे कडक भिंगाने दृष्टी परत येऊ शकते. म्हणजे एक शस्त्रक्रिया वाचते, आणि मरणोत्तर दान केलेला एक डोळा दुसऱ्या अधिक गरजू माणसासाठी शिल्लक राहतो.

आणखी एक गट आता ओसरत चालला आहे, पण त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया शाळेच्या वर्गात भरलेल्या शिबिरात झाली. आतील भिंग काढून टाकीत आणि हाती सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा देत. हॅरॉल्ड रिडली ह्यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवले होते, पण ते खेड्यापर्यंत पोहोचायला चार-पाच दशके लागली. ज्यांचा एकच डोळा झाला त्यांची दशा चमत्कारिक असे. त्या जाड काचेतून वस्तू सुमारे पंचवीस ते तीस टक्के मोठी दिसते. दुसऱ्या डोळ्याला ती नेहमीएवढीच. मेंदू दोन्ही चित्रे एकत्र करू शकत नाही, मग माणूस चष्मा फळीवर ठेवून देतो आणि नशिबाला दोष देतो. बुबुळावर बसणाऱ्या भिंगाने तो फरक सात-आठ टक्क्यांवर येतो आणि दोन्ही डोळे एकत्र काम करू शकतात. शिबिरात हे कोणी सांगितले नाही, कारण शिबिराचे यश शस्त्रक्रियांच्या आकड्यात मोजतात. ऑपरेशननंतरची माणसाची चाल कोणी मोजीत नाही. जन्मजात मोतीबिंदू काढलेल्या तान्ह्या मुलांना मात्र आजही अनेकदा हेच भिंग लावावे लागते.

आता मुख्य विषय. रुग्णालयात एका लांबट खोलीत ह्या शिक्षणाचा वर्ग भरे. नेत्रशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेणारे तीन-चार डॉक्टर आणि ऑप्टोमेट्रीचे काही विद्यार्थी एकाच टेबलाभोवती बसत. शिकवणाऱ्या बाई वयस्क होत्या, आवाज हळू आणि नजर तीक्ष्ण. पहिल्या दिवशी त्यांनी त्या तरुण डॉक्टरांना सांगितले की, प्रत्येकाने एक दिवस स्वतः कडक भिंग घालून हिंडायचे आणि रात्री काय काय झाले ते लिहून आणायचे. दुसऱ्या सकाळी चारही जणांचे डोळे लाल होते आणि रुग्णांशी बोलण्याची त्यांची तऱ्हा पालटली होती.

काम सुरू होते ते मापाने. 'केरॅटोमीटर' नावाच्या यंत्रातून पारपटलाच्या वाकाची त्रिज्या मोजतात. निरोगी डोळ्यात ती साधारण ७.८ मिलिमीटर असते, म्हणजे सुमारे ४३ डायॉप्टर. माझ्या उजव्या डोळ्यात ती ६.६ भरली, म्हणजे ५१ डायॉप्टर. त्रिज्या कमी तितका वाक अधिक, हे भूमितीत शिकलेलेच आहे. दुसऱ्या एका यंत्राने पारपटलाचा रंगीत नकाशा काढला. तो पाहताच मी म्हणालो, "हा तर समोच्च रेषांचा नकाशा! खाली डाव्या बाजूला टेकडी आहे." बाई हसल्या आणि आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "पाहा, ह्याला तुमच्यापेक्षा लवकर वाचता आला." भूगोल विषय घेतल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले, असे लिहिण्यास हरकत नसावी.

परंतु माप म्हणजे उत्तर नव्हे. मापावरून फक्त पेटीतील कोणते चाचणीभिंग आधी उचलायचे तेवढे कळते. मग ते डोळ्यात घालून वीस-तीस मिनिटे थांबावे लागते, कारण प्रथम डोळ्याला पाणी सुटते आणि त्या पुरात भिंग खोटेच हलते. तरुण डॉक्टरांना सगळ्यात अवघड काय जात असेल तर हे थांबणे. पाच मिनिटांत एक मोतीबिंदू काढण्याची स्वप्ने पाहणारी ही मंडळी! बाई मुद्दाम त्यांना माझ्यासमोर स्टुलावर बसवून ठेवीत. अर्ध्या तासानंतर नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवीत. तिच्यातील फ्लुरोसीन अश्रूंत मिसळले आणि निळा प्रकाश टाकला की डोळा हिरवा चमकू लागतो. जेथे भिंग पारपटलाला टेकते तेथे काळोख. जेथे अश्रू साचतात तेथे हिरवे तळे. हा हिरव्या-काळ्याचा नमुना वाचणे म्हणजेच भिंग बसवणे. बाकी सारी हमाली.

त्या वर्गातली सर्वांत उत्तम युक्ती सांगतो. बाईंनी एका दिवशी माझ्या एकाच डोळ्यात क्रमाने तीन भिंगे घालायला लावली: एक मुद्दाम सैल, एक मुद्दाम घट्ट आणि एक योग्य. प्रत्येक वेळी मला विचारले, कसे वाटते? सैल भिंग टोचत होते. घट्ट भिंग मात्र इतके आरामाचे वाटले की मी म्हणालो, "हेच द्या." त्यावर त्या विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? हे वाक्य ऐकून ज्यानं भिंग दिलं, त्यानं डोळा घालवला." घट्ट भिंग हलत नाही म्हणून टोचत नाही, आणि हलत नाही म्हणूनच त्याच्याखालचे अश्रू बदलत नाहीत, प्राणवायू पोहोचत नाही आणि मळ अडकून राहतो. पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर कडक भिंगाने एखाद-दोन मिलिमीटर सरकून परत जागेवर यावे. रुग्णाला बरे वाटणे आणि रुग्णाचे बरे असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या दिवशी मला फार नेमके दिसले. दुकानात भिंग विकणाऱ्याला पहिली गोष्ट पुरते.

नंबराचा हिशोबही चष्म्यावरून जसाच्या तसा उतरवता येत नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर असते, भिंग डोळ्यावरच. त्यामुळे चष्म्याचा उणे दहा भिंगात उणे नऊच्या जवळपास होतो. हे कोष्टक पाठ करता येते, त्यात फारसे काही नाही.

शेवटचा पाठ रुग्णाला शिकवण्याचा, आणि तो शिकाऊ डॉक्टरनेच द्यायचा असतो. नखे कापलेली. साबणाने हात धुऊन धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने कोरडे केलेले. नेहमी उजवे भिंग आधी, म्हणजे अदलाबदल होत नाही. काढल्यावर तळहातावर द्रावणाचे थेंब घेऊन बोटाने चोळायचे; नुसते बुडवून ठेवणे पुरत नाही. डबीतील जुने द्रावण ओतून टाकायचे, त्यावर नवे ओतायचे नाही. डबी उपडी घालून वाळवायची आणि दर तीन महिन्यांच्या आत बदलायची. झोपताना भिंग काढायचेच. माझ्याकडून तीन वेळा घालून-काढून घेतल्याशिवाय मला घरी जाऊ दिले नाही. तीन तास लागले. ज्याला काढता येत नाही त्याला भिंग द्यायचे नाही, हा तेथील नियम होता.

आता जो प्रसंग मी विसरू शकत नाही तो सांगतो. एके दिवशी शहापूरकडचे एक गृहस्थ आले होते. वय पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, सोबत मुलगा. दोन वर्षांपूर्वी झोडणीच्या वेळी डाव्या डोळ्याला लागून फूल पडले होते. उजवा डोळा चांगला. चाचणीभिंग घातल्यावर डाव्या डोळ्याने ते तक्त्यावरच्या खालच्या ओळीपर्यंत वाचू लागले. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. शिकाऊ डॉक्टर आनंदाने कागद भरू लागला. बाईंनी त्याचा हात थांबवला आणि स्वतः विचारू लागल्या.

"काका, पाणी कुठून आणता?"

"पावसाळ्यात विहीर हाय. होळीनंतर टँकर."

"टँकर रोज येतो?"

"कवा रोज, कवा चार दिसांनी."

"शेतावर दिवसभर असता?"

"मंग! दुसरं कोण करनार, बाई?"

"डोळा लाल झाला आणि दुखायला लागला, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे किती वेळात पोचाल?"

काकांनी हिशोब केला. गावातून चालत फाट्यावर, तेथून जीप, मग आसनगावहून लोकल. "रातच्याला झालं तर दुसऱ्या दिशी दुपारपतुर."

बाईंनी भिंग काढून पेटीत ठेवले. म्हणाल्या, "काका, उजवा डोळा चांगला आहे. ह्या डोळ्यासाठी मी तुम्हांला सध्या भिंग देणार नाही." काका काही क्षण गप्प राहिले. मग फार शांतपणे म्हणाले, "गावचे हाव म्हनून नको म्हनता व्हय?"

खोलीत कोणी बोलले नाही. त्यानंतर तासाभराने मला भिंग दिले गेले. मीही गावचाच. फरक इतकाच की माझ्या दुसऱ्या डोळ्यातही तोच विकार सुरू झाला होता, मी शेतात क्वचित जातो, आणि आठवड्यातले पाच दिवस कल्याणला मामांकडे राहतो, जेथे नळ आहे आणि रिक्षाने दहा मिनिटांत नेत्रतज्ज्ञ गाठता येतो.

संध्याकाळी बाईंनी विद्यार्थ्यांना कारण समजावले तेव्हा मी मुद्दाम थांबलो होतो. भिंगामुळे पारपटलावर सूक्ष्म ओरखडा पडला आणि त्यात 'स्यूडोमोनास' जातीचा जंतू शिरला, तर एक-दोन दिवसांत पारपटल विरघळू शकते. आजच्या औषधांनी तो आटोक्यात येतो, पण तासांचा हिशोब महत्त्वाचा. दुसरा शत्रू पाण्यातला. 'अकँथअमीबा' नावाचा एकपेशीय जीव नळाच्या, विहिरीच्या, टाकीच्या, कोणत्याही पाण्यात असू शकतो. संकट आले की तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनला ते कवच दाद देत नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्यांपासून घरीच द्रावण करून भिंगे धुणाऱ्या लोकांत त्याचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा जगाला हा संबंध नीट कळला. उपचार महिनोन् महिने चालतो आणि वेदना असह्य. म्हणून भिंगाला आणि डबीला पाण्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. कडक भिंग नळाखाली धुतले तरी चालते असे पूर्वी सांगत. आता सांगत नाहीत. पण हात मात्र पाण्यानेच धुवायचे असतात, भरपूर पाण्याने, दिवसातून दोनदा तरी.

आणि येथे आपल्या तालुक्याचा विषय निघतो. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. त्यानंतर मोडकसागर आणि भातसा आले. शहापूरच्या डोंगरात पडलेला पाऊस मुंबईच्या नळांतून वाहतो. त्या रुग्णालयातील बेसिनमध्ये बाईंचे विद्यार्थी कोपरापर्यंत हात धुवत तेव्हा ते पाणी बहुधा आमच्याच बाजूचे असे. काकांना भिंग नाकारण्यामागे जी कारणे होती त्यांतले एक म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या घरी हात धुवायला पाणी नसते. यावर मी भाष्य करीत नाही.

बाईंचा निर्णय चुकला असे मला म्हणता येत नाही. एका चांगल्या डोळ्यावर निभावणाऱ्या माणसाला दुसऱ्या डोळ्याच्या मोहाने धोक्यात घालणे बरोबर नव्हते. भिंग बसवण्याच्या शिक्षणातला अर्धा भाग नाही म्हणण्याचा असतो, असे त्या म्हणत, आणि ते खरे आहे. पण काकांचा प्रश्नही खोटा नव्हता. त्यांच्या डोळ्यात काही कमी नव्हते, त्यांच्या हातांतही नव्हते. पाण्याचा प्रश्न एखाद्या झाकणाच्या कळशीने आणि साबणाच्या वडीने सुटला असता; शेतावर जाताना भिंग घरी ठेवता आले असते. उणीव होती ती फाटा ते मुंबई ह्या अंतराची. डोळा लाल झाल्यावर दोन-तीन तासांत ज्याच्याकडे जाता येईल असा, भिंगाचे जाणणारा एक माणूस शहापुरात असता, तर तेच भिंग त्याच काकांना देता आले असते.

मग असा माणूस का नाही? नेत्रतज्ज्ञ होण्यासाठी एम.बी.बी.एस. नंतर तीन वर्षांचा अभ्यास असतो. त्यात शस्त्रक्रियेला मान, आणि तो असावाही. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर मोतीबिंदूवर होता, कारण आंधळेपणाचे सर्वांत मोठे कारण तेच होते. भिंगाच्या वाट्याला त्यात थोडेच दिवस येतात. ज्याला खरोखर शिकायचे असेल त्याला चेन्नईच्या शंकर नेत्रालयासारख्या किंवा हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी पुढे जाऊन शिकावे लागते. दुसऱ्या बाजूने ऑप्टोमेट्रीचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. चेन्नईला त्याची एलिट स्कूल १९८५ मध्ये निघाली, आता मुंबई-पुण्यातही महाविद्यालये आहेत. भिंगविद्या शिकवणाऱ्या शिक्षकांचीच एक आंतरराष्ट्रीय संघटना १९७९ पासून काम करते. म्हणजे ज्ञान आहे, शिकवणारे आहेत. पण शिकलेला माणूस जेथे भिंगे खपतात तेथे दुकान थाटतो, आणि भिंगे खपतात ती गुळगुळीत पारपटलाच्या, साध्या नंबराच्या गिऱ्हाइकांत. खडबडीत पारपटलाचा रुग्ण तीन-तीन तास खातो आणि एकच भिंग नेतो. हा व्यवहार कोणालाही परवडत नाही. अर्थशास्त्राच्या सरांनी ह्यावर एखादा तास घ्यावा.

मला सुचते ते असे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात; डोळे तपासणे, नंबर काढणे, शिबिरासाठी रुग्ण निवडणे ही कामे ते करतात. त्यांनी लगेच भिंगे बसवावीत असे मी म्हणत नाही. भिंग मुंबईतच बसवले जावे. पण भिंग घालणाऱ्याचा लाल डोळा ओळखणे, भिंग तत्काळ काढणे, फ्लुरोसीनची पट्टी टेकवून निळ्या प्रकाशात ओरखडा आहे की नाही ते पाहणे, आणि असल्यास त्याच दिवशी भिंगासह रुग्णाला पुढे पाठवणे, एवढे शिकायला वर्षे लागत नाहीत. भिंगासह म्हणतो, कारण जंतू तपासायचा तर तो बहुधा भिंगावर आणि डबीतच सापडतो. निळ्या प्रकाशाची सोय डोळे तपासण्याच्या मोठ्या यंत्रात असतेच. पट्टीची किंमत चहाच्या कपापेक्षा फार नसावी. पुढची पायरी म्हणजे मुंबईच्या शिकाऊ डॉक्टरांनी महिन्यातून एक दिवस शहापूरला आणि एक दिवस मुरबाडला येऊन भिंगवाल्या रुग्णांना पाहणे. चाचणीभिंगांची पेटी जेवणाच्या डब्याहून मोठी नसते. त्यांचेही शिक्षण त्यात होईल, कारण फुलाचे आणि शंकूचे इतके डोळे त्यांना एका जागी दुसरीकडे कोठे मिळणार? मी बाईंना हे बोलून दाखवले तेव्हा त्यांनी एकच सूचना केली: दिवस ठरवायचा तर तो आठवडी बाजाराचा ठरवा, म्हणजे डोळ्यासाठी वेगळी मजुरी बुडवून कोणाला यावे लागणार नाही.